प्रवासात मुक्काम शहराच्या कुठल्या भागात केलात? अनुभव सांगा

सांजवात

काल माळा आवरताना गंगेचा गडू सापडला. तांब्याचा, तोंड डाख देऊन बंद केलेला. हलवला की आत पाणी अजून वाजतं. आईने आणलेला. तिला जाऊन सात वर्षं झाली. गडू हातात घेऊन स्टुलावरच बसले होते, तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, सासूबाईंना काशीला नेतेय. राहू कुठे? कॅन्टोन्मेंटकडे फार छान हॉटेलं दिसतायत."

मला बोलताच येईना. २००९ साली मी नेमकं हेच केलं होतं.

आईची आयुष्यभराची एकच इच्छा. काशीला चार दिवस राहायचं, रोज पहाटे गंगेत स्नान, मग विश्वेश्वर. मी फोटो बघून कॅन्टोन्मेंटमधलं हॉटेल घेतलं. लिफ्ट, गीझर, पुढे हिरवळ. आईला त्रास नको, एवढंच माझ्या डोक्यात. घाट तिथून पाच-सहा किलोमीटर. पहाटे साडेचारला रिक्षा शोधायची, ती गोदौलियाच्या अलीकडे सोडणार, पुढे पायी. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले. पहिल्या दिवशी पाण्याशी पोचेपर्यंत ऊन वर आलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "राहू दे गं, बादलीतच गंगे च यमुने म्हणते." मला वाटलं दमली असेल. तिसऱ्या दिवशीही बादलीच.

त्या संध्याकाळी ब्रह्माघाटाकडे फिरताना एक मराठी आजी भेटल्या. तिकडे दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. आईशी बोलता बोलता त्यांनी वाड्यातली खोली दाखवली. चटई, कोपऱ्यात माठ, बस. शेवटची रात्र तिथे काढली. पहाटे जाग आली तर आई अंथरुणात नाही. काळजात धस्स झालं. धावत खाली गेले. आई पायरीवर बसलेली, केस ओले, हातात जपमाळ. म्हणाली, "वल्ह्यांचा आवाज येतो गं खोलीत. जाग आली, आले. तुला कशाला उठवायचं."

एकटी उतरली होती ती. सगळ्या पायऱ्या, त्या गुडघ्यांनी. हा गडू त्या सकाळचा.

चारातली ती एकच पहाट तिला मिळाली, हे अजून सलतं. तुम्ही राहायची जागा कशी ठरवता? चुकली असेल तर कुठे? जमली असेल तर तेही लिहा. भाचीला हाच धागा पाठवणार आहे.

बकुळफूल

वाचून थांबले. भाजी करपली तरी हललेच नाही. माझी आई काशीला जायचं जायचं म्हणतच गेली. तुमच्या आईला एक तरी पहाट मिळाली हो.

काशीची_सून

मी लग्न होऊन इथेच आले, बावीस वर्षं झाली, ब्रह्माघाटापासून जवळच घर. भाचीला सांगा:

आमच्याकडे यायचं तर मैदागिनपर्यंत रिक्षा येते, पुढे गल्ल्या. कालभैरव अगदी जवळ. पण पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते आधी विचारा. घाटावरची जुनी घरं म्हणजे जिनाही उंच, वरून गंगा दिसणारी खोली हवी असेल तर तीन मजले चढायची तयारी ठेवा. मी पाहुण्यांना नेहमी तळमजल्याची खोली मागायला सांगते. गंगा खिडकीतून नाही दिसली तरी चालेल, उतरून जाता आलं पाहिजे.

दशाश्वमेधाजवळ राहिलात तर विश्वनाथ जवळ, संध्याकाळची आरती जवळ, शेजारीच अहिल्याबाई घाट. पण गर्दी आणि भोंगे रात्रीपर्यंत. अस्सीकडे मोकळं आहे, गाडी बरीच जवळ येते, पहाटेची आरती आणि गाणं तिथे छान असतं. मात्र विश्वनाथापासून लांब पडतं.

आणि श्रावणात नको. पाणी चढलं की घाटांवरून एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही, नावा बंद होतात, घाटाजवळ राहूनही गंगा लांबूनच बघायची. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला यायचं असेल तर कित्येक महिने आधी बघा.

सांजवात

@काशीची_सून, किती नेमकं सांगितलंत. सासूबाईंचा एक गुडघा बदललेला आहे. तळमजल्याचं माझ्या डोक्यातच आलं नसतं.

जळगावकर

आम्ही काही फिरायला गेलो नव्हतो, पण लिहितो.

२०१६. बाबांना परळला टाटामध्ये रेडिएशन लागलं. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. डोंबिवलीला मावसभाऊ राहतो. त्याने हक्काने बोलावलं. घरचं जेवण, आपली माणसं, आणखी काय पाहिजे. वेळ मिळाली सकाळी साडेनऊची. म्हणजे डोंबिवलीहून ऐन गर्दीची गाडी. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं हे पहिले आठ दिवस आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दादरला उतरताना एकदा बाबांची टोपी पडली. वाकून उचलता येईना, लोकांच्या पायांत गेली. गांधी टोपी, रोज सकाळी कडक इस्त्रीची. दिवसभर उघड्या डोक्याने बसले हॉस्पिटलात. एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर जेवायचेच नाहीत. वहिनीला वाटायचं आपल्या हातचं आवडत नाही. गिळताना दुखायचं त्यांना, आणि वर प्रवासाने अंग मोडलेलं.

दुसऱ्या आठवड्यात रांगेत नांदेडच्या एक बाई शेजारी होत्या. त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं सांगितलं. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून पत्र घेतलं, चार दिवस थांबलो, जागा मिळाली. तिथून परळ जवळ, टॅक्सीत बसलो की आलंच. बाबा दुपारी झोपायला लागले. शेजारच्या खाटेवर बिहारचे एक काका होते. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण औषधाच्या वेळेला एकमेकांना उठवायचे. मी बाजारात गेलो तरी घोर नसायचा.

मावसभावाला लागलं ते. "माझ्या घरी काय कमी होतं?" म्हणाला. त्याला पटवायला मला वर्ष लागलं. कमी काहीच नव्हतं रे, फक्त घर लांब होतं.

बाबा त्यानंतर तीन वर्षं होते.

मुक्ता७

जळगावकर, टोपीचं वाचून डोळे भरले.

कृष्णाकाठ

आमच्या गावातून दर महिन्याला कोणीतरी परळला जातं. तुम्ही लिहिलेलं ग्रुपवर टाकू का? अपंगांच्या डब्याचं तर खरंच लोकांना माहीत नसतं.

जळगावकर

टाका की. आणखी एक सांगा, कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. आम्ही पहिल्या दोन खेपा पूर्ण पैसे भरले.

पेडण्यातलो

गोव्याला येणाऱ्यांसाठी लिहितोच. मित्र पुण्याहून आला. हॉटेल पाळोळ्याला, विमान मोपाला. मोपा पेडण्यात, गोव्याच्या वरच्या टोकाला. पाळोळे काणकोणात, खालच्या टोकाला. अख्खा गोवा ओलांडून जायचं! दोन लहान मुलं, रात्री साडेदहाला उतरलेले. मी घरी ओढून आणलं, शीत-कढी खाऊ घातली, सकाळी पाठवलं.

जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून हे पाहुण्यांचं वरचेवर होतं. विमान काढताना मोपा की जुना दाबोळी विमानतळ ते बघा. रेल्वेने आलात तर उत्तरेला थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव, आणि काणकोणला स्वतःचं स्टेशन आहे. पहिल्यांदा येत असाल नि दोन्हीकडचं बघायचं असेल तर पणजीत राहा. कदंबाच्या बसेस तिथून सगळीकडे सुटतात. समुद्र खोलीतून नाही दिसणार, पण मांडवी आहे ना.

चिमणी

शीत-कढी 😍 असा मित्र प्रत्येकाला मिळो.

वऱ्हाडी_मनू

मी चंद्रपूरची. एमपीएससी पूर्व परीक्षेला नागपूरला गेली होती, एकटी पहिल्यांदा. बाबांनी ओळखीच्या माणसाला विचारून एसटी स्टँडजवळ लॉज घेऊन दिला. बसमधून उतरलं की समोरच, बाबा खूश. सेंटर हिंगणा रोडकडे होतं. रात्रभर खाली हॉर्न, दाराला कडी ढिली. दाराला खुर्ची लावून मी बसूनच होती. दोन वाजता कुणीतरी दार वाजवलं, खोली चुकला असंन, पण मग झोप कुठली. पेपरात इतिहासाचे येणारे प्रश्न चुकले.

दुसऱ्या वेळी मीच बघितलं. मैत्रिणीच्या पीजीत लोकमान्य नगरला राहिली, मेट्रोचं शेवटचं स्टेशन. तिथून सेंटर जवळ, आणि गावात काही काम निघालं तरी सीताबर्डीला मेट्रो सरळ जाते.

आता मी एकटी जायची असली की बुक करायच्या आधी रात्री दहाला तिथे फोन लावते. कोण उचलते, कसा बोलते, मागे काय आवाज येते. दोन ठिकाणं नुसत्या त्या फोनवरून सोडली. आणि स्टॉपपासून दारापर्यंतच्या रस्त्यावर उशिरापर्यंत उघडं राहणारं मेडिकल किंवा दूध डेअरी आहे का ते नकाशात बघते. पोरींनो करून बघा.

शेवंती

मनू, रात्री दहाच्या फोनचं मी लेकीला आत्ताच कळवलं. मुख्य परीक्षेला खूप शुभेच्छा गं बाळा.

वऱ्हाडी_मनू

थँक्यू काकू 🙏 निकाल यायचा आहे.

तात्या_नाशिककर

नाशकात येताना लोक एक विसरतात. नाशिकरोड स्टेशन आणि पंचवटी यांत नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे. स्टेशनजवळ खोली घेतात आणि रामकुंड कुठे म्हणून विचारतात. दशक्रिया किंवा अस्थिविसर्जनाला आलेली मंडळी असतील तर पंचवटीतच उतरावं. सगळं घाटावर, चालत. आधीच मन ठिकाणावर नसतं, त्यात रिक्षावाल्याशी घासाघीस नको. त्र्यंबकला नारायण नागबळी करायचा असेल तर मुक्काम त्र्यंबकलाच करा, तीन दिवसांचा विधी असतो, नाशकाहून रोज तीस किलोमीटर येजा करू नका.

२०२७ च्या सिंहस्थाला पर्वणीच्या दिवशी यायचं असेल तर आदल्या दिवशीच येऊन चालत जाण्यासारख्या अंतरावर राहा. वाहनं फार लांब अडवतात. मी २००३ आणि २०१५ दोन्ही पाहिले आहेत.

भटकी_मांजर

व्हेनिस. मेस्त्रेला राहा की बेटावर, हा आमच्या घरातला दोन महिन्यांचा वाद. मेस्त्रे म्हणजे अलीकडचा जमिनीवरचा भाग, हॉटेलं बरीच स्वस्त, रेल्वेने सांता लुचिया स्टेशनला दहा-बारा मिनिटं. मी बेटासाठी हटून बसले. बेटावर चाकाचं काही चालत नाही, आपली बॅगही नाही. दर शे-दोनशे पावलांवर पूल आणि पुलाला पायऱ्या. दोन मोठ्या बॅगा, एक बाबागाडी, सात पूल. नवरा एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं मला.

पण रात्री दहानंतर दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावर बोळात फक्त पाण्याचा आवाज. लेक तेव्हा दीड वर्षाची, ती खांद्यावर झोपलेली, आम्ही तासभर नुसते चाललो. तेवढ्यासाठी मी पुन्हा बेटावरच राहीन. बॅगा मेस्त्रेच्या स्टेशनवर सामानघरात ठेवून एक पाठीवरची पिशवी घेऊन जाईन.

अभंग

मला उलट स्टेशनजवळचीच जागा आवडते. उतरलो, अंघोळ केली, निघालो. सगळीकडे तेच करतो.

भटकी_मांजर

एकटे फिरत असाल तुम्ही. लेकरं-म्हातारी घेऊन निघा एकदा.

अभंग

हो, एकटाच असतो. मान्य.

दिल्लीत_दहा_वर्षे

स्टेशनजवळचा विषय निघालाच आहे म्हणून. नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत, हे पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही. पहाडगंजची बाजू म्हणजे प्लॅटफॉर्म एककडची, अजमेरी गेटची म्हणजे सोळाकडची, मेट्रो आणि विमानतळाची गाडी त्या बाजूला. बुकिंग एका बाजूला आणि बाहेर पडलात दुसरीकडून की सगळं सामान घेऊन लांबच लांब पूल. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या चार-चार, आठ-आठ तास उशिरा. पहाटे तीनला उतरलात तर बाहेर हमखास कोणीतरी गाठेल, "तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरीकडे नेतो." माझ्या आईबाबांना असंच नेलं, दुप्पट पैसे घेतले. हॉटेल उघडंच होतं. सरळ फोन लावा आणि हॉटेलवाल्याशी स्वतः बोला. थंडीत मी घरच्यांना सांगतो, मेट्रो सुरू होईपर्यंत वेटिंग रूममध्ये बसा.

मुक्ता७

मैत्रीण ओल्ड राजिंदर नगरला यूपीएससीला होती. तिच्याकडे महिनाभर राहिले. खोली एवढीशी, पण बिरादरी सगळी मराठी, पोहेवालासुद्धा! तो काळ आठवला.

रानजाई

विषयाला सोडून विचारतेय. काशीच्या प्रवासाला, म्हणजे दोन दिवस गाडीत, काय न्यायचं टिकाऊ? आम्हीही दिवाळीनंतर जाणार आहोत. धपाटे दुसऱ्या दिवशी चिवट होतात माझे.

बकुळफूल

दशम्या कर. कणीक-ज्वारी निम्मी निम्मी, दुधात भिजव, पाण्याचा थेंब नाही. तीन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

काशीची_सून

आणि सकाळची जेवणं घरून आणू नका बरं. इथे कचोरी-भाजी-जिलबी गल्लीच्या तोंडाशी मिळते, आणि थंडीत मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस. मलइयो फक्त थंडीतच, सकाळी लवकर संपतं.

रानजाई

दशम्यांत गूळ?

बकुळफूल

गोड हव्या तर दुधातच विरघळवून. मुलं नुसत्या खातात.

शेवंती

लंडन. मी लिहायचं की नाही असा विचार करत होते.

यांच्या मनात एकच होतं, बाबासाहेब जिथे राहिले ते घर बघायचं. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली शिकत असताना ते तिथे राहत होते. यांच्या वडिलांनी गिरणीत हयात घालवली, घरात एकच तसबीर. २०१४ साली मुलाकडे गेलो, त्याची एकच खोली होती, म्हणून विमानतळाजवळ स्वस्त हॉटेल घेतलं. तो झोन सहा. गावात यायला ट्यूबने तास, जायला तास. यांचं बायपास झालेलं. गावात पोचलो की दमून बसायचे. राणीचा वाडा पाहिला, टॉवर ब्रिज पाहिला, आणि नेमकं ते घर राहिलं. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं. बातमी ऐकून म्हणाले, "आता तर आत जाता येईल."

२०२३ मध्ये पुन्हा गेलो. या वेळी पॅडिंग्टनजवळ घेतलं. विमानतळावरून गाडी थेट. पण ते जुन्या ओळीतलं घर, आमची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. दोन दिवसांत मुलाने हॉटेल बदललं. मी म्हटलं, आता तरी त्या घराकडेच राहू या. चॉक फार्म स्टेशनजवळ खोली मिळाली. महाग होती. मुलगा म्हणाला, "आई, इथे बघण्यासारखं दुसरं काय आहे?" मी म्हटलं, आपल्याला दुसरं बघायचंच नाहीये.

सकाळी आठला, चहा घेऊन, हे हळूहळू चालत निघाले. वाटेत दोनदा थांबले. दारावरची निळी पाटी वाचली. अजून उघडायची वेळ झाली नव्हती. हे दाराच्या समोर फुटपाथवर उभे राहिले तासभर. मी बस म्हटलं तर बसले नाहीत. तीन दिवस होतो, तीनही दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी पुस्तकांच्या खोलीत तिथल्या वहीत स्वतःच्या वडिलांचं नाव लिहून आले.

जळगावकर

ताई, जय भीम. हे लिहिल्याबद्दल आभार.

कृष्णाकाठ

वडिलांचं नाव लिहून आले. काय बोलू.

शेवंती

जय भीम. हे आता बरे आहेत, रोज दोन किलोमीटर चालतात.

मुक्ता७

माझं कोलकात्याचं. दुर्गापूजेत गेलो होतो. पूजेत रस्ते संध्याकाळपासून बंद, टॅक्सी हलत नाही, त्यामुळे मेट्रोच्या शेजारी राहा हे सगळ्यात मोठं. सप्तमी-अष्टमी-नवमीला मेट्रो रात्रभर चालते. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, आम्ही तिथे उतरलो. कालीघाट जवळ, आणि पहाटे चारला मंडप पाहून परतलो तरी उठल्यावर चहा-पोहे मराठीतून. 🙂 जुन्या घरांच्या पूजा बघायच्या असतील तर उत्तरेकडे बागबाजार, शोभाबाजार. तिकडे आदल्या आठवड्यात जा, कुमारटोळीत मूर्तींचे डोळे रंगवणं चालू असतं. हावड्याजवळ मात्र पूजेत उतरू नका म्हणून सगळे सांगायचे. आता नदीखालून मेट्रो झाली आहे (मार्च २०२४ पासून), त्यामुळे पूल ओलांडायचा प्रश्न बराच सुटला असेल.

घृष्णेश्वर

आमच्याकडे येणाऱ्यांना, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आधी वार बघा, मग हॉटेल. अजिंठा शंभर किलोमीटर, वेरूळ तीस, आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. एका दिवसात दोन्ही करायला निघतात लोक, आणि दोन्हीकडे नुसते पळतात. बसने फिरणार असाल तर मध्यवर्ती बस स्थानकाजवळ राहा. कैलास लेणं सकाळीच बघायचं असेल तर आदल्या रात्री वेरूळलाच. बस, माझं एवढंच.

रानजाई

कैलास सकाळी एकदा पाहिलंय. हत्तीवर ऊन येतं तेव्हा... परत यायचं आहे.

चिमणी

पंढरपूरचं कोणी लिहिलं नाही! आषाढीला आम्ही मठात असतो, आजोबांपासूनचा तोच मठ, कुठे राहायचं हा प्रश्नच कधी पडला नाही. एका वर्षी मठाचं काम चालू होतं म्हणून नदीपलीकडे ६५ एकर म्हणतात त्या मोकळ्या जागेत तंबूत राहिलो. चिखल, पाऊस, पण रात्री चारही बाजूंनी भजन. आजी म्हणाली मठात फार सुखात राहिलो इतकी वर्षं. पुढच्या वर्षीपासून ती तिकडेच जाते.

अभंग

तुमच्या आजींना नमस्कार.

काशीची_सून

@सांजवात, एक विचारू? तो गडू रामेश्वरला नेला नाहीत? काशीची गंगा रामेश्वरला वाहायची असते.

सांजवात

नाही ना. आई म्हणायची पुढच्या वर्षी जाऊ. मग पाय गेले, मग बाबांचं आजारपण. माळ्यावरच राहिला.

तात्या_नाशिककर

अहो मग न्या की. मी दोनदा केलं आहे. रामेश्वरला मुक्काम देवळाच्या पूर्वेला, अग्नितीर्थाच्या बाजूला करा. आधी समुद्रस्नान, मग देवळातल्या २२ तीर्थांचं स्नान, अंगावर बादल्या ओततात. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, त्यामुळे खोलीवर येऊन कोरडं नेसून परत जायचं. खोली लांब असली तर ओलेत्याने रिक्षा शोधावी लागते, पहिल्या वेळी आमचं तेच झालं. मिसेसना ताप भरला. दुसऱ्या वेळी दोनशे पावलांवर घेतली. तिथले पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, वडीलधाऱ्यांना मराठी कळतं.

पांबनचा पूल बंद होता तेव्हा रेल्वे मंडपमपर्यंतच यायची. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल झाला, गाडी पुन्हा थेट जाते.

जळगावकर

ताई, जा. डाख तपासून घ्या फक्त, गळतोय का.

सांजवात

रात्रभर कागदावर उलटा ठेवून पाहिला. कागद कोरडा.

भाचीचा मेसेज आला. धागा वाचला तिने. कॅन्टोन्मेंटचं सोडलं, ब्रह्माघाटाच्या गल्लीत तळमजल्यावर खोली बघतेय. सासूबाई म्हणाल्या, गीझर नसला तरी चालेल. @काशीची_सून, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करते, दोन-तीन घरं सुचवाल का?

तात्या, जानेवारीत तिकडे ऊन कसं असतं? लेकाला रजा तेव्हाच आहे.

तात्या_नाशिककर

जानेवारी उत्तम. पोंगल सोडून बघा, गर्दी असते.

काशीची_सून

करा व्यनि. आमच्या समोरच्याच वाड्यात खाली एक खोली आहे, पाच पायऱ्या, कठडा आहे. उद्या जाऊन बघून येते.

रानजाई

बकुळ, दशम्या केल्या आज. मऊ झाल्या गं! तिसऱ्या दिवशी परत सांगते.

वऱ्हाडी_मनू

@रानजाई, मुंबईहून महानगरीने जाणार असाल तर तारीख नीट बघा. ती रात्री बारानंतर सुटते. माझा मामा तिकिटावरच्या तारखेला रात्री स्टेशनवर गेला, गाडी आदल्या रात्रीच गेली होती.

रानजाई

अगं बाई! थांब, तिकीट बघते.